त्याच्या जागी काय आलं? केमच्या ताटातून कोलेस्टेरॉलचा इतिहास

आजच्या एपिसोडचा हा लेखी मजकूर. ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा हेडफोन घरी राहिलाय, त्यांच्यासाठी. बोलताना जे सुटलं ते इथे थोडं नीट लावून घेतलंय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

विषय आहे कोलेस्टेरॉल. थांबा, लगेच स्क्रोल करू नका. 'हे खा, ते खाऊ नका' छापाची यादी आज नाहीये. ती यादी दर दहा वर्षांनी बदलत आलीये, आणि ती का बदलली हाच आजचा इतिहास आहे. एकदा तूप खलनायक, मग अंडं, मग सगळंच तेल. एकदा करडई हिरो, मग ओट्स, मग पुन्हा तूप. तुमच्या फॅमिली ग्रुपवर या सगळ्या काळातले फॉरवर्ड्स एकाच वेळी फिरत असतात, त्यामुळे घरच्यांचा गोंधळ होणारच.

हा इतिहास मी एका गावाच्या ताटातून सांगणार आहे. गाव केम, तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर. केम म्हटलं की आधी आठवतं कुंकू. इथलं हळदी-कुंकू महाराष्ट्रातल्या कितीतरी देवस्थानांच्या बाहेरच्या दुकानांत असतं. दुसरं म्हणजे उत्तरेश्वराचं देऊळ. आणि तिसरं, रेल्वे स्टेशन. पुण्याकडून सोलापूरला जाताना जेऊर, भाळवणी, केम, ढवळस, मग कुर्डुवाडी. ही लाईन टप्प्याटप्प्याने १८६० मध्ये सोलापूरला पोचली. हे स्टेशन लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. केम माझं आजोळ, म्हणून ताट ओळखीचं आहे. पण गोष्ट तुमच्या गावालाही लागू पडेल.

नावातच पित्त आहे

सुरुवात फ्रान्समधून. अठराव्या शतकात तिथल्या डॉक्टरांना माणसाच्या पित्ताशयातल्या खड्यांमध्ये एक पांढरा, मेणासारखा पदार्थ सापडला. १८१५ च्या सुमारास मिशेल शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने त्याला नाव दिलं. ग्रीक भाषेत 'खोले' म्हणजे पित्त आणि 'स्टेरिओस' म्हणजे घट्ट. घट्ट झालेलं पित्त. हे पित्त लक्षात असू द्या, कारण आपल्या आमटीचा आणि कोलेस्टेरॉलचा संबंध पित्तातूनच येतो.

मग जवळपास शंभर वर्षं या पदार्थाकडे कुणी संशयाने पाहिलं नाही. १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला निकोलाय अनिच्कोव्ह या शास्त्रज्ञाने सशांना शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून खायला दिलं. सशांच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचले. प्रयोग जबरदस्त होता. पण ससा पडला गवत खाणारा, आणि माणसाचं शरीर वेगळं वागतं. आपल्या रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही. ते शरीर स्वतः बनवतं, आणि त्यात यकृताचा वाटा मोठा आहे. कारण ते लागतंच. पेशींच्या भिंती, हार्मोन्स, ड जीवनसत्त्व, पित्त, सगळ्याला लागतं.

म्हणजे प्रश्न 'कोलेस्टेरॉल खाल्लं का' एवढाच नव्हता. यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल परत उचलतं की नाही, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर १९७० च्या दशकात मायकल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी शोधलं. यकृताच्या पेशींवर जणू छोटे हात असतात, ते रक्तातले एलडीएलचे कण पकडून आत ओढतात. हात कमी झाले की एलडीएल रक्तातच फिरत राहतं आणि वाहिन्यांच्या भिंतीत साचतं. १९८५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

आता बघा. तूप, लोणी, डालडा, पामतेल यांतली घट्ट चरबी, जिला संपृक्त चरबी म्हणतात, ती जास्त झाली की हे हात कमी होतात. डाळी-कडधान्यांतला, ओट्समधला, इसबगोलातला विरघळणारा चोथा आतड्यात पित्ताला चिकटतो आणि त्याला शरीराबाहेर घेऊन जातो. मग यकृताला नवं पित्त बनवावं लागतं, त्यासाठी कोलेस्टेरॉल हवं, म्हणून ते रक्तातून ओढून घेतं. हुलग्याचं माडगं तुमच्या रिपोर्टवर परिणाम करतं ते या वाटेने.

जुनं ताट, पण गोडवे न गाता

केमचं जुनं ताट काय होतं? ज्वारीची भाकरी. सोलापूर जिल्ह्याची शान म्हणजे मालदांडी ज्वारी. १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेला एम-३५-१ हा वाण आजही रब्बीत पेरला जातो. शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. भाकरीबरोबर तुरीची नाहीतर मुगाची आमटी, मटकी, हुलगे, शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, करडईची भाजी. तेल घाण्यावरचं, करडईचं नाहीतर शेंगदाण्याचं, आणि तेही मोजून. तूप सणाला.

ज्वारीच्या रानात करडईचे पट्टे असायचे, कडेलाही करडई असायची. ती काटेरी, त्यामुळे जनावरं आत शिरत नसत. पीकही आणि कुंपणही.

इथे एक मोह होतो. 'बघा, आपल्या पूर्वजांचं सगळं बरोबर होतं, त्यांना हार्ट ॲटॅक येत नव्हते.' मला हे वाक्य आवडत नाही. १९४० च्या दशकात भारतातलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. माणसं पटकी, हिवताप, क्षय, बाळंतपण यांत जात होती. हृदयविकाराच्या वयापर्यंत पोचणारेच कमी, आणि केममध्ये तेव्हा कोलेस्टेरॉल मोजणार कोण? १९७२ च्या दुष्काळात याच भागातल्या लोकांनी खडी फोडली, परदेशातून आलेला लाल मिलो खाल्ला, सुकडीवर दिवस काढले. त्याला 'हेल्दी डाएट' म्हणणं हा त्या माणसांचा अपमान आहे.

म्हणून मी जुन्या ताटाची आरती करणार नाही. मी फक्त एकच प्रश्न घेऊन पुढे जाणार आहे. ताटातून जे गेलं, त्याच्या जागी काय आलं?

पहिली अदलाबदल: तुपाच्या जागी डालडा

१९३० च्या दशकात मुंबईत शिवडीला वनस्पती तुपाचा कारखाना सुरू झाला आणि १९३७ मध्ये डालडा बाजारात आला. पिवळा डबा, त्यावर हिरवं ताडाचं झाड. कित्येक घरांत तो डबा रिकामा झाल्यावर त्यात तुळस लावली जायची.

पातळ तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करायचं, ही वनस्पतीची रीत. स्वस्त, टिकाऊ, दिसायला तुपासारखं. तुपात भेसळ होऊ लागली तेव्हा सरकारने नियम केला, वनस्पतीत ठरावीक प्रमाणात तिळाचं तेल घालायचंच. कारण तिळाचं तेल रासायनिक चाचणीत गुलाबी-लाल रंग देतं, म्हणजे तुपात वनस्पती मिसळलं असेल तर पकडता येतं. हळदीला चुना लागला की ती लाल होते हे केममध्ये लहान पोराला माहीत असतं. सरकारनेही भेसळ पकडायला रंगच वापरला.

गांधीजींचा वनस्पतीला विरोध होता. स्वातंत्र्यानंतर बंदीची मागणी संसदेतही झाली. पण बंदी आली नाही. आणि तेव्हा कुणालाच पुरतं माहीत नव्हतं की तेल अर्धवट घट्ट करताना ट्रान्स फॅट नावाची चरबी तयार होते. १९९० मध्ये नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि काटान यांनी दाखवलं की ही चरबी एलडीएल वाढवते आणि वर चांगलं समजलं जाणारं एचडीएल कमीही करते. म्हणजे तुपापेक्षा वाईट.

भारतात ट्रान्स फॅटवर नियम टप्प्याटप्प्याने आले. तेल-वनस्पतीमधली मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के झाली आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के. डालडा आला १९३७ ला, घट्ट नियम आला २०२२ ला. मधली ८५ वर्षं खारी, टोस्ट, नानकटाई, लग्नातले लाडू यांतून आपल्या तीन पिढ्या ते खात होत्या.

दुसरी अदलाबदल: करडईच्या जागी पामतेल

१९५३ पासून अमेरिकेत ॲन्सेल कीज नावाचा शास्त्रज्ञ आहारातली चरबी आणि हृदयविकार यांचा संबंध मांडत होता. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट ॲटॅक आला आणि हा विषय घराघरात गेला. १९६८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सांगितलं, दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा कमी कोलेस्टेरॉल खा, आठवड्याला तीनपेक्षा जास्त पिवळे बलक नकोत. बलकाची भीती तिथून सुरू झाली. २०१५ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत तो ३०० चा आकडा काढून टाकला. तोवर आपल्याकडे दोन पिढ्या पिवळा भाग ताटाच्या कडेला काढत आल्या होत्या.

याच काळात जगाने करडईला डोक्यावर घेतलं. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर, आणि ते कोलेस्टेरॉल कमी करतं. मुंबईतल्या कंपनीने करडईचं तेल हृदयाचं तेल म्हणून शहरात विकायला सुरुवात केली. केमच्या रानातलं काटेरी पीक मुंबईच्या जाहिरातीत पोचलं.

गंमत पुढे आहे. १९६६ ते १९७३ या काळात ऑस्ट्रेलियात सिडनीला एक प्रयोग झाला. नुकताच हृदयाचा झटका किंवा त्रास होऊन गेलेले ४५८ पुरुष. अर्ध्यांना संपृक्त चरबी काढून करडईचं तेल आणि करडईचं मार्गारिन दिलं. त्यांचं कोलेस्टेरॉल खरंच उतरलं. पण मृत्यू त्यांच्यातच जास्त झाले, सुमारे १८ टक्के, दुसऱ्या गटात सुमारे १२ टक्के. जुनी माहिती शोधून काढून २०१३ मध्ये हे पुन्हा तपासलं गेलं तेव्हा मोठा वाद झाला. काहींनी म्हटलं, त्या काळच्या मार्गारिनमध्ये ट्रान्स फॅट असणार. काहींनी म्हटलं, एकाच प्रकारचं तेल इतकं ओतणं हीच चूक. वाद अजून मिटलेला नाही. दुसऱ्या बाजूला, संपृक्त चरबीच्या जागी वेगवेगळी पातळ तेलं, शेंगदाणे, बदाम, मासे घेणाऱ्यांत हृदयविकार कमी दिसतो, असं सांगणारे अभ्यासही भरपूर आहेत.

मला यातून एवढंच कळतं की कुठलंही तेल औषध नाही. जुन्या केमात करडई चालत होती ती चमचा-दीड चमचा, शेंगदाण्याच्या आणि जवसाच्या सोबतीने. बाटलीभर करडई हे वेगळंच प्रकरण.

आणि करडईच्या जागी पुढे काय आलं? काटे टोचतात म्हणून मजूर काढणीला येईनात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे वाण काढले, तरी क्षेत्र आटतच गेलं. इकडे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. करमाळा, माढा, पंढरपूर भागात जिथे पाणी पोचलं तिथे ऊस आला, नंतर केळी. माणसाच्या हातात पैसा आला, ही चांगलीच गोष्ट. पण ज्वारी-करडईचं रान कमी झालं. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली. पामतेलातली जवळजवळ अर्धी चरबी संपृक्त असते. ते आज फरसाणात, बिस्किटात, वेफर्समध्ये, वडापावच्या कढईत आहे. २०२२ च्या दिवाळीत रेशनवर १०० रुपयांत 'आनंदाचा शिधा' मिळाला, त्यात रवा, साखर आणि चणाडाळ एक-एक किलो, आणि सोबत एक लिटर पामतेल. गरीब घराला त्या पिशवीचा आधार होता, त्यावर मी नाक मुरडणार नाही. पण तेल कुठलं, याची नोंद तर घ्यायला हवी.

तिसरी अदलाबदल: तुपाच्या जागी टोस्ट

१९७७ मध्ये अमेरिकन सिनेटच्या एका समितीने 'चरबी कमी खा' असं देशाला सांगितलं. बाजाराने ते लगेच उचललं. 'लो फॅट' लिहिलेली बिस्किटं, दही, केक. चरबी काढली की चव जाते, म्हणून साखर आणि मैदा वाढला. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत दिसलं की संपृक्त चरबी काढून तिथे मैदा-साखर घातली तर हृदयाला काही फायदा होत नाही.

हेच मी माझ्या आजोळी पाहिलंय. मामांचा रिपोर्ट आला, एलडीएल जास्त. त्याच संध्याकाळपासून घरात तूप बंद. मामी अभिमानाने मला सांगत होत्या, "थेंबभर तूप देत न्हाई बघ आता. सकाळी च्यासंगं टोस्ट, चार वाजता बिस्किट. रातच्याला भाकरी बी बंद केली, हलकं म्हणून ब्रेड देते." तूप गेलं दिवसाला दोन चमचे. आले टोस्ट, ब्रेड, बिस्किटं, म्हणजे मैदा, साखर आणि पामतेल. पुढच्या रिपोर्टमध्ये एलडीएल होतं तिथेच आणि ट्रायग्लिसराइड वाढलेलं. मामींची तळमळ शंभर टक्के खरी होती. पण काय काढायचं हे सगळे सांगतात, त्याच्या जागी काय ठेवायचं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

भाकरीबद्दल एक खरी गोष्ट सांगतो, मग भले कुणाला राग येवो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम चोथा असतो. गव्हाच्या आट्यात साधारण ११. म्हणजे घरच्या कोंड्यासकट दळलेल्या पिठाची चपाती भाकरीपेक्षा मागे नाही. मैद्यात किती? तीनपेक्षाही कमी. तेव्हा भांडण भाकरी विरुद्ध चपाती हे नाहीच. भाकरी-चपाती एका बाजूला आणि मैदा दुसऱ्या बाजूला, असं ते भांडण आहे.

स्टेशनवरची गोष्ट

आता ते केमचं स्टेशन. १९६७ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये एक भारतीय अभ्यास छापून आला. लेखक डॉ. एस. एल. मल्होत्रा, मुंबईत पश्चिम रेल्वेत वैद्यकीय अधिकारी. देशभरातल्या वेगवेगळ्या रेल्वे विभागांतल्या कर्मचाऱ्यांचे मृत्यू त्यांनी तपासले. त्यांना दिसलं की हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण दक्षिणेत पंजाबच्या सुमारे सातपट होतं. आणि पंजाबी कर्मचारी चरबी कित्येक पट जास्त खात होते, तीही बहुतेक दूध-तुपाची.

'तूप खा, हृदय वाचवा' या फॉरवर्डचा उगम बऱ्याचदा हा अभ्यास असतो. पण जरा थांबून बघू. हा प्रदेशांची तुलना करणारा, नोंदींवर उभा असलेला अभ्यास आहे. पंजाब आणि मद्रास यांच्यात फक्त तुपाचा फरक होता का? काम वेगळं, तंबाखूच्या सवयी वेगळ्या, धान्य वेगळं, खाण्याची पद्धत वेगळी. आणि आजचं काय? हृदयविकाराचं प्रमाण जास्त असलेल्या राज्यांत आज केरळ, तमिळनाडूबरोबर पंजाबही आहे. तूप तर तेच आहे. मग बदललं काय? तुपाच्या आजूबाजूचं सगळं बदललं. तुपाची भाकरी खाऊन शेतात दिवसभर राबणारा माणूस आता ट्रॅक्टरवर, मोटरसायकलवर किंवा खुर्चीत आहे.

रेल्वेतलंच उदाहरण घ्या. रुळांवरून रोज कित्येक किलोमीटर चालत तपासणी करणारा माणूस आणि स्टेशनात टेबलाशी बसणारा बाबू. दोघांचा डबा एकच असला तरी शरीर एकच राहत नाही. १९५३ मध्ये लंडनच्या जेरेमी मॉरिस यांनी हेच डबलडेकर बसवर दाखवलं. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिन्याने वर-खाली. हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त. पगार, वस्ती, जेवण बरंचसं सारखं, फरक जिन्याचा. हा अभ्यासही पुढे तपासला गेला. ड्रायव्हर आधीपासूनच जाड होते का, असे प्रश्न आले, पण हालचालीचा मुद्दा त्यानंतरच्या कितीतरी अभ्यासांत टिकला. चालण्याने एलडीएल फारसं उतरत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण ट्रायग्लिसराइड उतरतं, एचडीएल थोडं वाढतं, साखर आणि रक्तदाब ताब्यात राहतो. हृदयाला हे सगळं एकत्रच लागतं.

आपल्याकडे ही चौथी अदलाबदल कुणाच्या लक्षातच आली नाही. रानात चालत जाण्याच्या जागी बाइक आली. आडाच्या पाण्याच्या जागी नळ. घाम गेला, चांगलं झालं, बायकांची कंबर वाचली. फक्त त्या घामाच्या जागी आपण काहीच ठेवलं नाही.

मग गोळी?

गोळीचाही इतिहास आहे. जपानमध्ये अकिरा एंडो यांनी हजारो बुरशा तपासल्या आणि १९७३ मध्ये एका हिरवट-निळ्या बुरशीतून यकृतातलं कोलेस्टेरॉल-उत्पादन रोखणारा पदार्थ शोधला. त्यातून स्टॅटिनचा रस्ता उघडला, १९८७ मध्ये अमेरिकेत पहिल्या स्टॅटिनला मान्यता मिळाली. या गोळ्यांनी असंख्य जीव वाचवलेत. 'गोळी म्हणजे कंपन्यांचा कट' म्हणणाऱ्या व्हिडिओंवर विश्वास ठेवून कुणाची गोळी बंद करू नका. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तर नाहीच.

आणि खाण्याने किती फरक पडतो? याचं छान उत्तर कॅनडाच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी दिलं. २००३ मध्ये त्यांनी काही लोकांना सगळं एकत्र दिलं: विरघळणारा चोथा, सोयाबीन, बदाम, वनस्पतींतले स्टेरॉल. महिन्याभरात एलडीएल सुमारे २९ टक्के उतरलं, दुसऱ्या गटात जुन्या स्टॅटिनने सुमारे ३१ टक्के. पण ते जेवण मोजूनमापून दिलेलं होतं. २०११ मध्ये त्यांनीच लोकांना घरी, आपापल्या स्वयंपाकघरात हे सहा महिने करायला सांगितलं, तेव्हा घट १३ टक्क्यांच्या आसपास आली. खऱ्या आयुष्याचा आकडा तो आहे. मला तो लहान वाटत नाही. फक्त तो एका पदार्थाने येत नाही, चार-पाच गोष्टी एकत्र आल्या की येतो.

आता जेन्किन्सची यादी केमच्या ताटाशेजारी ठेवा. बदामाच्या जागी मूठभर भाजलेले शेंगदाणे. ओट्सच्या सोबतीला हुलगे, मटकी, चवळी, तूरडाळ, आणि आमटी पातळ नाही, डाळ दिसेल अशी. जवसाची चटणी रोज चमचाभर. मेथी, शेवगा, भेंडी. लागलं तर रात्री इसबगोल. भाकरी नाहीतर कोंड्याची चपाती. तेल आलटून-पालटून, पण महिन्याचा डबा लहान. तूप? वरणावर चमचाभर घेतलंत तर जग बुडत नाही. फरसाण आणि टोस्ट रोज येत असतील तर मात्र तुपाला शिव्या घालून उपयोग नाही.

तंबाखूचं एक वाक्य, कारण आपल्या भागात ते लपून बसतं. बिडी-सिगारेटच नाही, तंबाखू-चुना आणि मशेरीही हृदयाला धोका देते. रिपोर्ट सुधारायला निघालेल्या माणसाची चंची खिशात तशीच असेल तर बाकीचं अर्धं पाण्यात.

तुम्हाला का सांगतोय?

तुम्ही बहुतेक जण विशी-तिशीतले. मग हे आई-बाबांचं दुखणं वाटेल. पण २००४ च्या इंटरहार्ट नावाच्या ५२ देशांच्या अभ्यासात दिसलं की दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो, बाकी जगात ५९ व्या. सहा वर्षं आधी. मुलगी बारावीत किंवा कॉलेजात असते ते वय. आणि त्याच अभ्यासाने हेही सांगितलं की यातला फार मोठा धोका रक्तातली चरबी, तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोट, खाणं, हालचाल, ताण अशा बदलता येण्यासारख्या गोष्टींतून येतो.

शिवाय एलडीएल दुखत नाही. तुमच्या वयात ते गुपचूप साचत असतं. घरात कुणाला पन्नाशीच्या आत झटका आलेला असेल, तर तुमची एकदा तपासणी करून घ्या. एलडीएल १९० च्या वर निघालं तर तो वारशाचा प्रकार असू शकतो, तिथे नुसती भाकरी पुरत नाही, डॉक्टर लागतातच. ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांचं काम सुरू झालं ते अशाच घरांतल्या मुलांपासून.

दोनशे वर्षांच्या या गोष्टीत शास्त्रज्ञ चुकले, सुधारले, पुन्हा भांडले. माणसाने काय काढलं यावर प्रत्येक वेळी गाजावाजा झाला. बिघडलं किंवा सुधारलं ते त्याच्या जागी काय आलं यावर. पुढच्या वेळी घरात कुणी म्हणालं, 'आजपासून अमुक बंद', तर वाद घालू नका. शांतपणे विचारा, "बरं, मग त्याच्या जागी काय?" उत्तर हुलगे, शेंगदाणे किंवा अर्धा तास चालणं असेल तर टाळी द्या. टोस्ट असेल तर हा एपिसोड पाठवा.

आजचं काम छोटं आहे. स्वयंपाकघरात जा, बिस्किटाचा पुडा आणि फरसाणाची पिशवी उलटी करा, आणि तेल कुठलं आहे ते वाचा. जे सापडेल ते कमेंटमध्ये लिहा. पुढच्या आठवड्यात आपण साखरेच्या इतिहासाकडे जाऊ, म्हणजे पुन्हा सोलापूर जिल्ह्यातच. भेटूया.